आईचा वाटा

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘प्राचीन ग्रीकांचा गर्भविचार’ असा छापला आहे. विषय अफाट आहे आणि हाताशी तासाभराचाच वेळ आहे, म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेऊन आलो आहे. मूल कोणाचे? बापाचे, आईचे, की दोघांचे? दोघांचे असेल तर कोणाचा वाटा किती, आणि मुळात तो वाटा कशाचा? इ.स.पू. पाचव्या आणि चौथ्या शतकांत हा प्रश्न ग्रीकांनी रंगमंचावर, वैद्यांच्या लेखनात आणि तत्त्वज्ञांच्या शाळेत सारख्याच हिरिरीने लढवला. ॲरिस्टॉटलने त्यात आईला केवळ द्रव्य पुरवणारी ठरवले, असे आपण वाचत आलो आहोत, आणि त्याने तसे लिहिले हे खरेच आहे. परंतु प्राण्यांच्या उत्पत्तीवरच्या त्याच्या त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याला आईचा वाटा परत द्यावा लागला. तो का द्यावा लागला, हे सांगण्यासाठी मी आज येथे उभा आहे. त्याआधी मात्र आपल्याला एका अंड्यापाशी आणि एका माशापाशी थांबावे लागेल, कारण ही दोन्ही ठिकाणे गाळून ॲरिस्टॉटलविषयी बोलणे मला आजवर कधी जमलेले नाही.

पहिल्यांदा मनातली एक खंत सांगतो. अनेक वर्षे मी पदवीच्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवले. आमच्या क्रमिक पुस्तकांत ॲरिस्टॉटलच्या वाट्याला दीड ओळ यायची: वाम मासे चिखलातून आपोआप जन्मतात असे त्याचे मत होते, आणि पुढे विज्ञानाने ते खोडून काढले. मुले ही दीड ओळ पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि तिचे गुणही मिळवत. वाम चिखलातून होते असे त्याने का लिहिले, हा प्रश्न कोणी विचारत नसे. त्याचे उत्तर त्याच्याच लेखनात आहे. त्याने वाम चिरून पाहिली होती; तिच्यात ना गाबोळी सापडली, ना नराचे वीर्य, ना ते बाहेर पडण्याची वाट. आज आपल्याला ठाऊक आहे की नदीतली युरोपीय वाम वयात आलेलीच नसते, आणि तिची जननेंद्रिये समुद्राकडे परतीच्या प्रवासाला लागल्यावर पक्व होऊ लागतात. तिचे अंडाशय इटलीतल्या मोंदिनी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला १७७७ साली ओळखता आले. नराच्या वृषणांच्या शोधात तरुण सिग्मंड फ्रॉइडने १८७६ मध्ये ट्रिएस्टला सुमारे चारशे वामा कापल्या आणि तरीही त्याला खात्रीचे उत्तर मिळाले नाही. ती अंडी घालायला अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्राकडे जाते, हे डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर मांडले. म्हणजे ॲरिस्टॉटलला जे सापडले नाही ते पुढची दोन हजार वर्षे कोणालाच सापडले नव्हते. त्याचा निष्कर्ष चुकला, हे कबूल. परंतु तो निष्कर्ष माशाला सुरी लावून काढलेला होता, आणि एवढे तरी मुलांना सांगायला हवे होते असे मला आजही वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर एस्किलसची नाट्यत्रयी सादर झाली. तिच्या शेवटच्या नाटकात ओरेस्टिसवर मातृहत्येचा खटला चालतो. आईने बापाला मारले म्हणून त्याने आईला मारले आहे, आणि सूडदेवता त्याच्या मागे लागल्या आहेत. बचाव करणारा अपोलो देव न्यायसभेसमोर जो युक्तिवाद करतो तो शरीरशास्त्राचा आहे. ज्या स्त्रीला आपण आई म्हणतो ती जन्मदाती नव्हेच, नव्याने पेरलेल्या बीजाची ती केवळ दाई आहे, जन्म देतो तो बाप, असे तो म्हणतो. आणि पुरावा म्हणून समोर बसलेल्या अथीनाकडे बोट दाखवतो, कारण ती आईविना, झ्यूसच्या मस्तकातून जन्मलेली आहे. मते समसमान पडतात आणि अथीनाच्या कौलावर ओरेस्टिस सुटतो. आपल्याकडे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री क्षेत्र आणि पुरुष बीज अशी जी मांडणी आहे ती ज्यांना माहीत आहे त्यांना अपोलोचे बोलणे ओळखीचे वाटेल. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: शेत कोणाचे, पेरणारा कोण, आणि पीक कोणाच्या नावावर चढवायचे?

परंतु सगळे ग्रीक असे मानत नव्हते, हे येथे ठामपणे सांगायला हवे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर जमा झालेल्या वैद्यकीय लेखनात बीजावरचा एक निबंध आहे. त्याचा लेखक म्हणतो की बीज पुरुषाकडून जसे येते तसे स्त्रीकडूनही येते, आणि ते शरीराच्या प्रत्येक अवयवातून निघून एकत्र होते. निरोगी भागातून निरोगी, रोगट भागातून रोगट. ज्याच्याकडून एखाद्या अवयवाचे बीज अधिक आले, त्या अवयवात मूल त्याच्यासारखे होते. आणि पुढे तो जे लिहितो ते मला फार मोलाचे वाटते: मूल सर्वस्वी आईसारखे किंवा सर्वस्वी बापासारखे होऊच शकत नाही, कुठे ना कुठे दोघांशी साम्य असायलाच हवे, कारण बीज दोघांच्याही शरीरातून आले आहे. बाळंतिणींच्या आणि बाळांच्या सहवासात ज्याचे दिवस जातात, अशा माणसाचे हे वाक्य आहे. तत्त्वज्ञांपैकी डेमोक्रिटसही स्त्रीबीज मानत होता. उलट ॲनॅक्सागोरस बीज फक्त पुरुषाचे आणि स्त्री म्हणजे फक्त जागा, असे म्हणत होता. एम्पेडोक्लीस म्हणे की एकाच खुणेचे दोन तुकडे करून दोघांकडे ठेवावेत, तसे बाळाचे अर्धे अंग बापाकडे आणि अर्धे आईकडे असते.

याच वैद्यकीय संग्रहात गर्भाच्या वाढीवरचा जो भाग आहे, त्यात अंड्याची गोष्ट येते. लेखक सांगतो की वीस किंवा अधिक अंडी घ्या, दोन-तीन कोंबड्यांखाली उबवायला ठेवा, आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत रोज एक अंडे फोडून पाहा. गर्भाच्या वाढीविषयी इतकी स्पष्ट, कोणालाही करून पाहता येईल अशी सूचना त्याआधीच्या लिखाणात माझ्या पाहण्यात नाही. गंमत अशी की स्वतः काय पाहिले हे तो फारसे सांगतच नाही. मी म्हटले तसेच तुम्हाला आढळेल, एवढे म्हणून तो पुढे जातो. काय दिसले ते ॲरिस्टॉटल सांगतो.

प्राण्यांच्या माहितीवरच्या त्याच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात ते वर्णन आहे. कोंबडीच्या अंड्यात तीन दिवस आणि तीन रात्री गेल्यावर पहिली खूण दिसते. पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका उमटतो, हेच हृदय. आणि तो ठिपका जिवंत असल्यासारखा धडधडतो, हलतो. त्याच्यापासून रक्ताच्या दोन वाहिन्या वळणे घेत निघतात. मग इवलेसे पांढरे शरीर वेगळे ओळखू येते, आणि त्यात डोके आणि सुजल्यासारखे मोठे डोळे आधी नजरेत भरतात. दहाव्या दिवशी सगळे पिल्लू दिसते, पण डोके धडाहून मोठे असते. डोळे बाहेर काढले तर ते घेवड्याच्या दाण्याहून मोठे आणि काळे भरतात, आणि त्यांची साल काढली तर आत पांढरे, थंड पाणी उजेडात चमकते. विसाव्या दिवसाच्या सुमारास कवच फोडून पिल्लाला स्पर्श केला तर ते आतल्या आत हलते आणि चिवचिवते. त्याचे डोके उजव्या पायावर कुशीपाशी असते आणि पंख डोक्यावर.

हे वर्णन वाचल्यावर मी स्वतः ते केल्याशिवाय राहू शकलो नाही. खुडूक कोंबडीखाली ठेवलेले तिसऱ्या दिवसाचे अंडे कोमट मिठाच्या पाण्याच्या बशीत अलगद फोडले की पिवळ्या बलकावर लाल रेषांची एक गोल नक्षी पसरलेली दिसते, आणि तिच्या मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका मिटतो आणि उघडतो. पाणी गार व्हायला लागले की तो मंदावतो, आणि थोडे कोमट पाणी घातले की पुन्हा वेग घेतो. वर्गातली मुले त्या बशीभोवती गोळा होत आणि बराच वेळ कोणी बोलत नसे. तो ठिपका प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी धडधडू लागतो, पण भिंगाशिवायच्या डोळ्याला तो तिसऱ्या दिवशी दिसतो. ॲरिस्टॉटलकडे भिंग नव्हते आणि त्याने तीन दिवस लिहिले. १६५१ साली गर्भावर ग्रंथ लिहिणारा विल्यम हार्वीही याच ठिपक्यापाशी येऊन थांबला होता.

या ठिपक्यातून ॲरिस्टॉटलने जो प्रश्न उभा केला तो मला त्याच्या उत्तरांहून मोठा वाटतो. अवयव सगळे एकदम होतात की एकामागून एक? येथे आपल्या सुश्रुतसंहितेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तिच्या शारीरस्थानात हाच वाद आहे: शौनक म्हणतो आधी डोके, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, सुभूती गौतम म्हणतो धड, आणि धन्वंतरी निर्णय देतात की सगळे एकदमच होते. कोवळ्या कैरीत कोय, गर आणि केसर असतातच, फार सूक्ष्म असल्यामुळे वेगळे दिसत नाहीत, वेळूच्या कोंबाचेही तसेच, असा त्यांचा दाखला आहे. नेमके हेच मत ॲरिस्टॉटलसमोरही होते, आणि त्याला त्याने दिलेले उत्तर मी कितीदा वाचले तरी मला समाधान होते. तो म्हणतो, लहान असल्यामुळे दिसत नाही हे म्हणणे टिकत नाही, कारण फुप्फुस हृदयाहून मोठे असते आणि तरीही ते हृदयानंतर दिसते. मोठी वस्तू नंतर दिसत असेल तर ती आधी तेथे नव्हतीच. ऑर्फियसच्या नावावरच्या काव्यात प्राणी जाळ्यासारखा विणला जातो असे म्हटले आहे, ते त्याला पटते: एक गाठ बसल्यावर पुढची गाठ.

आता माशाकडे वळतो. माझे महाविद्यालय कोकणात होते आणि प्राण्यांच्या विच्छेदनावर निर्बंध येण्याआधी मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, हा आमच्या अभ्यासक्रमातला ठरलेला प्राणी होता. भारतभर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिला स्कोलिओडॉन या नावाने चिरले आहे. प्रयोगशाळेसाठी मुशी आणायला मी पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर जात असे. एकदा दिवाळीनंतरच्या एका सकाळी माझ्या नेहमीच्या मावशींनी टोपलीतली एक हातभर लांब मुशी बाजूला काढली आणि म्हणाल्या, “मास्तर, ही गाभण आहे. पोरं आहेत पोटात. बघायची असतील तर आत्ताच बघा.” तोवर मी चिरलेल्या मुश्या बहुतेक नर किंवा कोवळ्या माद्या होत्या. मावशींनी कोयत्याच्या टोकाने पोट उघडले आणि आतली पिशवी माझ्या समोर धरली. आत बोटभर लांबीची सहा पिल्ले होती, प्रत्येक आपापल्या कप्प्यात. आईसारखेच चपटे नाक, आईसारखेच कल्ल्यांचे फट आणि मोठे डोळे. प्रत्येकाच्या छातीखालून, दोन पुढच्या परांच्या मधून, एक नाळ निघाली होती. त्या नाळेवर बारीक केसांसारख्या तंतूंची लव होती, आणि तिचे दुसरे टोक पिशवीच्या अस्तरावरच्या वाटीसारख्या उंचवट्यात बसले होते. मी एक पिल्लू उचलायला गेलो तर वाटी ताणली गेली आणि अस्तर सोबत वर आले. “ओढू नका,” मावशी म्हणाल्या, “वार आहे ती. आपल्याला असते तशीच.”

मासा आणि वार! मासे अंडी घालतात हे पुस्तकात वाचलेल्या माणसाला हा शब्द कानावर पडणे म्हणजे काय, हे आपण समजू शकाल. घरी आल्यावर मी ॲरिस्टॉटलचे भाषांतर उघडले. काही मुश्यांविषयी तो लिहितो की त्यांची पिल्ले नाळेने गर्भाशयाला जोडलेली असतात. अंड्यातले अन्न संपत आले की पिल्लू चौपायांच्या गर्भासारखे दिसू लागते. नाळ लांब असते, तिचे एक टोक पिल्लाच्या मध्यावर यकृतापाशी आणि दुसरे गर्भाशयाला, जणू एका चूषकाने धरलेले. त्या चूषकासाठी त्याने जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा मूळ अर्थ वाटीसारखी खोलगट जागा असा आहे. मिरकरवाड्याला माझ्या हातात ती वाटीच होती.

ॲरिस्टॉटलने पाहिलेली मुशी आपली नव्हे, भूमध्य समुद्रातली आहे. इ.स.पू. ३४७ मध्ये प्लेटो गेल्यावर तो अथेन्स सोडून आधी आसोसला आणि मग लेस्बॉस बेटावर राहिला. तिथला त्याचा सोबती थिओफ्रास्टस त्याच बेटाचा होता. बेटाच्या पोटात शिरलेल्या पिऱ्हाच्या खाडीचा, म्हणजे आजच्या कल्लोनीच्या आखाताचा, उल्लेख त्याच्या प्राणिग्रंथांत वारंवार येतो. मुशीचे हे निरीक्षण पुढच्या शतकांत फार थोड्यांना पटले. मधे सोळाव्या शतकात फ्रान्सच्या रोंदले यांनी नाळेला जोडलेल्या पिल्लाचे चित्र छापले, पण तेही मागे पडले. त्याचे एक कारण साधे आहे. भूमध्य समुद्रात या मुशीच्या दोन जाती एकमेकींसारख्या दिसतात. एकीच्या पिल्लांना वार असते, दुसरीच्या पिल्लांना नसते. ज्याच्या हाती दुसरी लागली त्याला ॲरिस्टॉटल खोटा वाटला. बर्लिनच्या योहानेस म्युलर यांनी १८४२ मध्ये दोन्ही जाती वेगळ्या ओळखून दाखवल्या आणि ॲरिस्टॉटलची मुशी सुमारे बावीसशे वर्षांनी खरी ठरली.

मावशींचा प्रसंग मी इतका लांबवला त्यामागे आणखी एक कारण आहे. ॲरिस्टॉटल कोळ्यांना सतत विचारत असे. त्याचे अर्धे मत्स्यज्ञान त्यांच्याकडून आलेले आहे. तरीही एके ठिकाणी तो त्यांच्यावर रागावतो. माद्या नराचे वीर्य गिळून गाभण राहतात, अशी कोळ्यांत समजूत होती आणि इतिहासकार हिरोडोटसनेही ती लिहून ठेवली. ॲरिस्टॉटल म्हणतो की तोंडातून गेलेले पोटात जाते, गर्भाशयात नाही. आणि कोळ्यांपैकी कोणी केवळ जाणून घेण्यासाठी म्हणून पाहत नाही. मी मिरकरवाड्याहून परतताना याच वाक्याशी मनातल्या मनात भांडत होतो. मावशींनी ती पिशवी मला विकण्यासाठी उघडली नव्हती. उघडलेली मुशी कोणी विकत घेत नाही, आणि मी देऊ केलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे आणि ज्या चौथ्या भागाचे मी सुरुवातीला वचन दिले तो अजून बाकी आहे. आता मी वेगाने जातो, क्षमा असावी.

ॲरिस्टॉटलने वैद्यांचे ‘अंगाअंगातून बीज’ हे मत अनेक आक्षेपांनी हाणून पाडले. मूल बापाच्या आवाजात बोलते आणि बापासारखे चालते, मग आवाजातून आणि चालीतून कोणते बीज गळते? मुले पणजोबांसारखीही होतात, पण पणजोबांकडून तर काहीच आलेले नसते. एलिस नगरातल्या एका स्त्रीला कृष्णवर्णीय पुरुषापासून मुलगी झाली. ती मुलगी काळी झाली नाही, पण तिचा मुलगा झाला. मधल्या पिढीत तो रंग कुठे होता? आणि दोघांच्याही अंगाअंगातून बीज येत असेल तर दोन पूर्ण प्राणी जन्मायला हवेत. हा शेवटचा आक्षेप खरोखर बिनतोड आहे.

म्हणून त्याने दुसरी मांडणी केली. अन्नाचे अखेरचे रूप रक्त. पुरुषाच्या अंगी उष्णता अधिक, त्यामुळे त्याच्याकडे ते पूर्ण शिजून बीज होते. स्त्रीकडे उष्णता कमी, म्हणून ते अर्धकच्चे राहून मासिक स्राव होते. तिचा स्राव हे द्रव्य, पुरुषाचे बीज ही गती. सुतार लाकडाचा पलंग करतो, पण त्याच्या अंगचे काही पलंगात जात नाही. अंजिराचा चीक दूध घट्ट करतो, पण घट्ट झालेल्या दह्यात चिकाचा भाग शोधून सापडत नाही. पुरंदरची अंजिरे ज्यांनी देठाशी तोडली आहेत त्यांना बोटांवरचा तो पांढरा चीक आठवेल. कोंबड्याविना घातलेली अंडी ग्रीक लोक वाऱ्याची अंडी म्हणत. ती त्याला पुरावा वाटली, कारण मादी अंड्यापर्यंत जाते, पिल्लापर्यंत जात नाही. इथपर्यंतचा ॲरिस्टॉटल पुस्तकांत आहे, आणि आई येथे लाकूड आहे.

आता चौथा भाग. येथे तो मुलांचे चेहरे समजावू पाहतो, आणि लाकडाच्या दाखल्याने ते समजावता येत नाहीत, कारण पलंग लाकडाच्या आईसारखा दिसत नाही. मुलगा आईसारखा का होतो? नातवंड आजीसारखे का होते? तो लिहितो की बीजाच्या गती अनेक आहेत. बापाच्या गती आणि ‘माणूस’, ‘प्राणी’ या सर्वसाधारण गती प्रत्यक्षपणे असतात. आईच्या आणि पूर्वजांच्या गती सुप्तपणे असतात. बापाची गती एखाद्या बाबतीत वरचढ ठरली नाही, तर ती विरुद्ध बाजूला वळते. नराऐवजी मादी होते, बापाच्या तोंडवळ्याऐवजी आईचा तोंडवळा येतो. ती ढिली पडली तर एक पायरी मागे जाते, बापाऐवजी आजोबा, आईऐवजी आजी. लिंग आणि चेहरा वेगवेगळे ठरत असल्यामुळे मुलगा आईवर जाऊ शकतो आणि मुलगी बापावर. एलिसच्या नातवाचा रंगही या मांडणीत बसतो, कारण गती एका पिढीत सुप्त राहून पुढच्या पिढीत उठू शकते.

श्रोतेहो, यात ‘आईच्या गती’ हे शब्द आहेत, आणि माझे सगळे म्हणणे त्या शब्दांत आहे. आई केवळ द्रव्य असेल तर तिच्याकडे गती कुठून आली? लाकडाला गती नसते. पहिल्या भागात तो स्त्रीच्या स्रावाला अपक्व असले तरी बीजच म्हणून गेला होता, आणि चौथ्या भागात त्याला ते बीज खरोखर बीजासारखे वापरावे लागले. मुलगी होणे म्हणजे जातीच्या साच्यातून पहिले पाऊल बाहेर पडणे, असेही त्याने याच भागात लिहिले आहे, आणि ते वाक्य मला पटत नाही, त्याचे समर्थनही मी करणार नाही. त्याच्या समाजाने आईविषयी जे ठरवून ठेवले होते ते त्याने सिद्धांतात उतरवले. परंतु अंड्यापाशी आणि मुशीपाशी प्रत्यक्ष जे दिसते ते लिहिण्याची जी सवय त्याला होती, तीच मुलांच्या चेहऱ्यांसमोर कामी आली. अनेक अभ्यासक यात विसंगती पाहतात, आणि विसंगती आहेच. माझ्या मते ही विसंगती त्या ग्रंथातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे.

पुढचे दोन वाक्यांत सांगतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलसने स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन पुरुषाच्या वृषणांशी तुलना करून केले, आणि इ.स.च्या दुसऱ्या शतकात गॅलन या वैद्याने बीजावर दोन भागांचा ग्रंथ लिहून, त्या अवयवांत स्त्रीचे स्वतःचे बीज होते असे ठरवताना, ॲरिस्टॉटलविरुद्ध मुख्य साक्ष म्हणून आईवर गेलेल्या मुलांनाच उभे केले.

सस्तन प्राण्याचे अंडे मात्र या दोघांपैकी कोणी पाहिले नाही. १८२७ मध्ये क्योनिग्सबर्गला कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी एका कुत्रीच्या अंडाशयातला फुगवटा उघडला, तेव्हा नुसत्या डोळ्यांना त्यात एक पिवळा ठिपका दिसला. तो त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि वीज अंगावर पडावी तसे ते मागे सरकले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. जरा वेळाने धीर करून ते पुन्हा भिंगापाशी गेले. बलकाचा तो नेटका, गोल, पिवळा गोळा तिथेच होता.